दिल्लीची तयारी : दहा माणसं, तीन तिकिटं

आमच्या गावाच्या नावातच रेल्वे आहे. धामणगाव नावाची गावं महाराष्ट्रात पुष्कळ. त्यामुळे पत्रावर 'धामणगाव रेल्वे' लिहायची पद्धत पडली ती पडलीच. शेजारचं चांदूरही तसंच, चांदूर रेल्वे. १८६७ साली मुंबईहून निघालेला रूळ नागपूरपर्यंत पोचला आणि आमच्या कापसाच्या गाठींना वाट मिळाली. यवतमाळची माणसंसुद्धा मुंबई-कलकत्त्याला जायचं तर आमच्या स्टेशनावर येऊन बसायची. सांगायचा मुद्दा असा, की रेल्वेचं आम्हाला अप्रूप नाही. अप्रूप आहे ते रेल्वेत बसून लांब जाण्याचं. सत्तरी ओलांडली तरी माझी बायको दिल्लीला गेलेली नाही. मी एकदा गेलो होतो, शिक्षकांच्या अधिवेशनाला. दोन दिवसांत एक मंडप आणि एक धर्मशाळा पाहून परत आलो.

तर मंडळी, येत्या फेब्रुवारीत आम्ही दिल्लीला निघालो आहोत. आम्ही म्हणजे दहा जण. आम्ही दोघं म्हातारे, पुण्याचा मुलगा-सून आणि त्यांची दोन मुलं, इथून जवळच्याच खेड्यात दिलेली मुलगी, जावई आणि त्यांची दोन. मुलांमध्ये लेकीचा मोठा तेरा वर्षांचा, पुण्याचा अकराचा, लेकीची धाकटी आठची आणि पुण्याची धाकटी सहाची. प्रवास अजून व्हायचा आहे, पण तयारीतच इतकं घडलं की आज तेच लिहावं म्हणतो. (यातलं जे घरगुती आहे ते मुलगा आणि मुलगी दोघांनाही फोनवर वाचून दाखवलं आहे. काकू-मावशी मंडळींनी उगीच चौकशीचे फोन करू नयेत!)

सुरुवात झाली ती नातवाच्या एका प्रश्नावरून. मागच्या उन्हाळ्यात चौघंही इथे होती. मी त्यांना कौंडण्यपूरला घेऊन गेलो. वर्धा नदीच्या काठावरचं हे गाव, रुक्मिणीचं माहेर. विदर्भ देशाची जुनी राजधानी हीच, असं मी सांगितलं. पुण्याच्या नातवानं इकडेतिकडे पाहिलं. देऊळ, घाट, नदीत म्हशी. म्हणाला, "आबा, राजधानी अशी असते?"

आता मास्तरला एवढं निमित्त पुरे असतं. परतीच्या वाटेवर मी त्यांना वऱ्हाडाच्या राजधान्या मोजून दाखवल्या. १८०३ साली इंग्रजांनी गाविलगड घेतला आणि दोनच दिवसांनी नागपूरकर भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख त्यांच्या हातून गेला आणि निजामाला मिळाला. आमचं गाव नदीच्या पश्चिमेला, म्हणजे आमची राजधानी झाली हैदराबाद. १८५३ साली निजामाच्या कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. १९०३ मध्ये ते मध्य प्रांताला जोडलं आणि राजधानी झाली नागपूर. माझा जन्म झाला तेव्हाही नागपूरच होती, प्रांताचं नाव मात्र मध्य प्रदेश झालं होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला आम्ही द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो. मी जेमतेम शाळेच्या वयाचा आणि माझी राजधानी एका रात्रीत मुंबईला गेलेली! नागपूरच्या वाट्याला हिवाळी अधिवेशन उरलं. गाव तिथंच, विहीर तिथंच, राजधानी मात्र सारखी बिऱ्हाड बदलते आहे.

लेकीचा मोठा गप्प ऐकत होता. तो म्हणाला, "आबाजी, यातली एकबी राजधानी म्या पाह्यली नाही. नागपूर पाह्यलं, पण ते आता राजधानी नाही."

पुण्याचा नातू पटकन म्हणाला, "मी मुंबई पाहिली, दिल्लीचं विमानतळ पण पाहिलं. तू विमान कधी बघितलंच नाहीस?"

त्यानं काही खवचटपणानं विचारलं नव्हतं, खरंच नवल वाटून विचारलं होतं. पण मागच्या सीटवर माझी मुलगी बसली होती. ती खिडकीबाहेर पाहायला लागली.

त्याच रात्री जेवताना दिल्लीचं ठरलं. मुलगा उत्साही. पुण्याला गेल्यावर आठ दिवसांत त्याचा फोन आला. "बाबा, मी सगळं बघितलं आहे. आम्ही पुण्याहून येतो, तुम्ही सहा जण नागपूरहून या. सगळ्यांची विमानाची तिकिटं मी काढतो. हॉटेलही एकच घेतो. तायडीला काही खर्च करू देऊ नका."

मनानं चांगला आहे माझा मुलगा. बापानं लिहावं असं नाही, पण आहे. बहिणीनं त्याच्या शिक्षणाच्या दिवसांत काय काय सोडलं हे तो विसरलेला नाही. पण मी हे मुलीला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती, तिचे हात थांबले नाहीत. म्हणाली, "बाबा, दादा प्रेमानंच देतो, मले माहीत आहे. पण मग आम्ही नाही येत. पोरांना तुम्ही घेऊन जा."

"काऊन?"

"पोरं मोठी होऊन रायली. कोणी कोणाले नेलं, हे त्यांच्या ध्यानात राहते."

ती यापुढे बोलली नाही, मीही नाही. चाळीस वर्षं वर्गात उभं राहिल्यावर एवढं कळतं, की फी माफ असलेल्या मुलाचं नाव यादीतून मोठ्यानं वाचायचं नसतं. पैसे कोणाकडे आहेत हा प्रश्न सोपा होता. दहाही जणांनी एका डब्यात बसावं आणि कोणीही कोणाचा पाहुणा नसावा, हे जमवायचं होतं. मी पेपर तपासायच्या दिवसांतली एक जुनी कोरी वही काढली आणि कामाला लागलो.

पहिला प्रश्न महिना कोणता. पुणेकरांना दिवाळी सोयीची. पण दिवाळीत आमच्याकडे कापसाची वेचणी. मजूर मिळत नाहीत, सीतादही झालेली असते, त्या दिवसांत जावई शेत सोडून बाजाराला जात नाहीत, दिल्लीला कुठले जातात! शिवाय ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिल्लीची हवा अशी होते की तिथल्या शाळांनाच सुट्ट्या द्याव्या लागतात. आपण तिथं पोरांना हौसेनं कशाला न्यायचं? नाताळ म्हणावं तर उत्तरेत दाट धुकं, गाड्या तासन्‌तास उशिरा. मे महिन्याचं नाव काढल्यावर सुनेला उन्हाची काळजी. आता वऱ्हाडातल्या माणसाला दिल्लीच्या उन्हाची भीती घालणं म्हणजे माशाला पाण्याची! पण मे महिन्यात जावयांची खरिपाची जुळवाजुळव असते, आणि हातात पैसाही तेव्हाच कमी असतो. उरला फेब्रुवारी. हवा बरी, धुकं ओसरलेलं, कापूस बहुतेक विकलेला, आणि राष्ट्रपती भवनातलं अमृत उद्यान लोकांसाठी उघडलेलं. अडचण एकच, पुण्याच्या मुलांची शाळा चार-पाच दिवस बुडणार. सुनेला युनिट टेस्टचा घोर. मी तिला म्हटलं, मी मास्तर म्हणून सांगतो, तिसरी-चौथी-सहावीतले पाच दिवस बुडाल्यानं कोणाचं काही बिघडल्याचं मी पाहिलेलं नाही. ती हसली आणि कबूल झाली. (तिनं शाळेला कोणतं कारण कळवलं, ते मी विचारलं नाही.)

दुसरा प्रश्न, विमान की रेल्वे. इथे मी मुलाला फोनवर बहिणीचं काही सांगितलं नाही, नकाशा सांगितला. म्हटलं, नागपूर ते दिल्ली सुमारे अकराशे किलोमीटर. सकाळी नागपूर सोडणारी गाडी धरली तर दुपारी सातपुड्याचे बोगदे लागतात, पांढुर्णा, आमला, बैतूल, घोडाडोंगरी. इटारसीनंतर दिवस मावळायच्या आत नर्मदा. पुढे भोपाळ, झाशी, ग्वाल्हेर. चंबळ मात्र झोपेत ओलांडावी लागेल, त्याला इलाज नाही. पहाटे दिल्ली. मराठ्यांच्या फौजा उत्तरेत गेल्या त्या याच नद्या ओलांडून. बाजीराव १७३७ मध्ये दिल्लीच्या वेशीवर जाऊन थडकला तेव्हा त्याचा तळ तालकटोऱ्याला होता. त्याच तालकटोऱ्याच्या स्टेडियममध्ये फेब्रुवारी २०२५ मध्ये मराठी साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष तारा भवाळकर. त्याआधीचं दिल्लीचं संमेलन १९५४ चं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या अध्यक्षतेखालचं. महादजी शिंद्यांनी १७७१ मध्ये दिल्ली घेतली आणि पुढच्या वर्षी शहा आलमला तख्तावर बसवलं. आणि १८०३ मध्ये, आमचं वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेलं त्याच वर्षी, शिंद्यांच्या हातून दिल्लीही गेली. हे सगळं विमानाच्या खिडकीतून कसं दिसणार? ढग दिसतील.

मुलगा ऐकत राहिला. मी थांबल्यावर तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग "बघतो" म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा निरोप आला : "रेल्वेच. स्लीपर चालेल. आईला खालची बर्थ बघा."

स्लीपर हा शब्द मी काढलेलाच नव्हता. स्लीपर आणि थर्ड एसीच्या भाड्यात दुपटीहून जास्त फरक असतो, हे त्याला माहीत आहे. बहिणीच्या घरी कापूस कधी विकला जातो, हेही त्याला माहीत आहे. मी निरोप दोनदा वाचला आणि सौ.ला दाखवला. तिनं चष्मा लावून वाचला आणि नुसतं "हं" केलं. तिच्या "हं" मध्ये पुष्कळ असतं.

आता रेल्वेचे नियम. पूर्वी १२० दिवस आधी आरक्षण मिळायचं. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. या बदलावर बऱ्याच जणांची कुरकुर ऐकली, पण आमच्या घरापुरतं सांगतो, हा बदल पथ्यावर पडला. १२० दिवसांचा हिशेब असता तर फेब्रुवारीच्या तिकिटाचे पैसे ऑक्टोबरात भरावे लागले असते. ऑक्टोबरात कास्तकाराच्या घरात फवारणीची उधारी असते, पैसा नसतो. ६० दिवसांमुळे तो दिवस डिसेंबरात आला, पहिल्या वेचणीचा कापूस विकून झाल्यावर.

ज्येष्ठांची सवलत मात्र गेली. मार्च २०२० मध्ये करोनाच्या वेळी बंद झाली ती पुन्हा सुरू केलेली नाही. पुरुषांना ४० टक्के आणि बायकांना ५० टक्के मिळायची. म्हातारपणाची ही एकमेव कमाई होती, तीही गेली, असो. खालच्या बर्थचा कोटा आहे, पण त्यात एक मेख आहे. ज्येष्ठ माणूस एकटा किंवा फार तर दोघं ज्येष्ठ एका तिकिटावर असतील तरच तो लागू होतो. पोरासोरांच्या तिकिटात आपलं नाव घातलं की कोटा गेला. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी हे लक्षात ठेवावं. शिवाय एका फॉर्मवर सहाच नावं. म्हणजे दहा जणांची कमीत कमी दोन तिकिटं, आणि आम्ही दोघं वेगळे धरले तर सोयीची तीन.

इथे मला मास्तरकीतली बाकांची व्यवस्था आठवली. वर्गात दोन गट पडले असतील तर भाषण देऊन उपयोग नसतो, जागा बदलायच्या असतात. सरळ वाटणी केली असती तर पुण्याचं चौघांचं एक, लेकीचं चौघांचं एक, आमचं एक. मी तसं केलं नाही. पहिलं तिकीट आम्हा म्हाताऱ्यांचं. दुसऱ्यावर मुलगी, सून आणि चारही मुलं, बरोबर सहा. तिसऱ्यावर मुलगा आणि जावई, दोघंच. हे दोघं पंधरा वर्षांत लग्नकार्याच्या गर्दीशिवाय एकमेकांशेजारी बसलेले नाहीत. बसतील आता अठरा तास. एकाला शेती कळत नाही, दुसऱ्याला कॉम्प्युटर. बोलायला विषय पुष्कळ.

पण अजून एक गाठ होती. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवी असेल तर एप्रिल २०१६ पासून पूर्ण भाडं पडतं. बर्थ नको असेल तर अर्धं. जावई म्हणाले, "मामाजी, पोरीचं अर्धंच काढा. थे मायजवळ झोपते." त्यांचं बरोबरच होतं. पण पुण्याच्या धाकटीला पूर्ण बर्थ मिळाली असती. एक नात स्वतःच्या बर्थवर पाय पसरून आणि दुसरी आईच्या कुशीत आखडून, हे मला सोसलं नसतं. आणि मुलांच्या ध्यानात असंच काहीतरी राहतं. मी दोन्ही घरांना कळवून टाकलं की दोन्ही नातींची तिकिटं आजोबाकडून, पूर्ण बर्थची. आजोबानं नातींना काही द्यायला कोणाची हरकत नसते. जावयांनी बाकी तिघांचे पैसे आणून दिले, वरचे पाच रुपयेसुद्धा मोजून.

डिसेंबरात ठरल्या दिवशी मी सकाळी साडेसहालाच स्टेशनावर गेलो. मुलगा म्हणाला होता, मोबाइलवर होतं सगळं, मी इथून काढतो. मी म्हटलं, राहू दे, मी खिडकीवर काढतो. आठ वाजता खिडकी उघडली, माझ्या पुढे तिघंच होते. तिन्ही फॉर्म एकदम सरकवले. खिडकीतल्या बाबूनं नावं वाचली, वयं वाचली, आणि म्हणाला, "सर, लग्नाले चालले का?" माझा विद्यार्थी नव्हता, पण इथे सगळेच मला सर म्हणतात. आम्हा दोघांना खालच्या बर्थ मिळाल्या. बाकी सगळे त्याच डब्यात.

काळज्या आहेतच. नवी दिल्ली स्थानकावर १५ फेब्रुवारी २०२५ ला चेंगराचेंगरी होऊन १८ जण गेले, तेव्हापासून सुनेच्या मनात त्या स्थानकाची धास्ती आहे. म्हणून आम्ही एक स्टेशन आधी, हजरत निजामुद्दीनला उतरणार. १० नोव्हेंबर २०२५ ला लाल किल्ल्याजवळ मोटारीत स्फोट झाला, त्यानंतर तर दोन-तीन नातेवाइकांनी जाऊच नका असं कळवलं. आम्ही रद्द केलं नाही. लाल किल्ला यादीत आहे. त्या दिवशी दोन मोठी माणसं आणि दोन मुलं अशा जोड्या करायच्या आणि प्रत्येक मुलाच्या खिशात फोननंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवायची. शाळेच्या सहलींना मी हेच करत होतो.

दिल्लीतला कार्यक्रम सुनेनं आखला, आणि फार चांगला आखला. पोरगी हुशार आहे. कॉम्प्युटरवर तक्ता करून पाठवला, त्यात प्रत्येक ठिकाणाची वेळ, सुट्टीचा वार, जवळचं मेट्रो स्टेशन, आणि एक रकाना 'बाथरूम कुठे' असा! एवढी वर्षं सहली काढूनही मला हा रकाना सुचला नव्हता. तिच्याच तक्त्यामुळे कळलं की दिल्लीत सोमवार हा भाकड वार. लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, रेल्वेचं संग्रहालय, बाहुल्यांचं संग्रहालय, तीन मूर्ती भवन, सगळं सोमवारी बंद. कुतुबमिनार, हुमायूनची कबर, इंडिया गेट आणि त्याच्या शेजारचं २०१९ मधलं युद्ध स्मारक तेवढं सोमवारी उघडं असतं. मग सोमवार त्यांना दिला. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंना १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, म्हणजे आमची चारही फुकट.

मुलांना मी गृहपाठ दिला होता : 'मला दिल्लीत काय पाहायचे आहे', दहा ओळी, स्वतःच्या अक्षरात. पुण्याच्या नातवाला मेट्रोचं काही नाही, पुण्यात ती आली आहे. त्याला चाणक्यपुरीतलं रेल्वे संग्रहालय हवं. आमच्या शेजारची पुलगाव-आर्वीची आणि मूर्तिजापूर-यवतमाळची छोटी गाडी आता बंद पडली. गाडी बंद पडली की ती बघायला दिल्लीला जावं लागतं, हा मोठा गमतीचा न्याय आहे. पुण्याच्या धाकटीला बाहुल्या. व्यंगचित्रकार शंकर यांनी १९६५ मध्ये उभं केलेलं हे संग्रहालय तिच्या आईनं लहानपणी पाहिलं होतं. लेकीच्या मोठ्यानं दहाच्या जागी एकच ओळ लिहिली : "विमान जवळून." मी हे सुनेला सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, कुतुबमिनारच्या वरून विमानं खूप खालून जातात, मी फोटो पाहिले आहेत. सोमवारी आपण तिथेच डबा खाऊ." तिनं तक्त्यात कुतुबमिनारचा वेळ एक तासानं वाढवला. कारणाच्या रकान्यात काही लिहिलं नाही.

सौ.नं गृहपाठ तोंडी दिला. तिचं माहेर वर्धा जिल्ह्यातलं, तिची आई सेवाग्रामला सूत कातायला जायची. तिला फक्त तीस जानेवारी मार्गावरचं बिर्ला हाउस पाहायचं आहे, आता त्याला गांधी स्मृती म्हणतात. बापू ऑगस्ट १९४६ मध्ये सेवाग्राम सोडून दिल्लीला गेले. कुटीतलं सामान तसंच राहिलं, ते परत आलेच नाहीत. "माय सांगे, आम्ही वाट पाहात होतो," ती म्हणाली. बापू त्या संध्याकाळी प्रार्थनेला चालत गेले ती पावलं तिथं सिमेंटमध्ये दाखवली आहेत. चारही मुलांनी बापूकुटी पाहिलेली आहे. आता दुसरं टोक पाहतील. तिथं मी इतिहास सांगणार नाही, त्यांची आजी सांगेल.

आणि माझं? माझे वडील १९५९ च्या डिसेंबरात दिल्लीला जाऊन आले होते, जागतिक कृषी प्रदर्शनाला. आमच्या पापळचे पंजाबराव देशमुख तेव्हा केंद्रात कृषी खात्याचे मंत्री. त्यांच्या भारत कृषक समाजानं ते भरवलं होतं, आणि अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर उद्घाटनाला आले होते. अंगात जाड सुती कोट, डोक्यावर फेटा, बरोबर दशम्यांचं गाठोडं, असे वडील गेले. मी तिसरीत होतो. परत आल्यावर महिनाभर पारावर तेच एक चाललं होतं. यंत्रं किती मोठी होती हे दोन्ही हात पसरून दाखवायचे. पण शेवटी दरवेळी एक वाक्य यायचं : "भाऊसाहेबांनी आमाले बलावलं होतं." बोलावलं होतं देशभरच्या शेतकऱ्यांना. वडिलांना मात्र वाटायचं की आपल्याला, नावानं. सातबाऱ्यावर पाच एकर असलेला माणूस दिल्लीत पाहुणा म्हणून नव्हे, हक्कानं फिरून आला होता. जावयांना मी ही गोष्ट सांगितली, तेव्हा ते म्हणाले, "मंग ते मैदान दाखवा मले पहिले." तिथे आता प्रगती मैदानाच्या नव्या इमारती आहेत, जुनं काही दिसणार नाही. तरी जाणार आहोत. सुनेच्या तक्त्यात ते पहिल्याच दिवशी आहे.

राहायला तीन सारख्या खोल्या घेतल्या आहेत, पहाडगंजच्या बाजूला. मुलाला याहून चांगल्या परवडल्या असत्या, तो काही बोलला नाही. जवळच नूतन मराठी शाळा आहे. ती बाहेरून तरी पाहीन, शाळा दिसली की माझे पाय थांबतातच. बरोबर न्यायला दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, जवसाची चटणी, चिवडा. सांबारवडी न्यायची का यावर मुलगी आणि सून यांच्यात फोनवर चर्चा झाली. पुण्यात कोथिंबीरवडी म्हणतात तीच, पण हे दोघींना एकमेकींना पटवायला वीस मिनिटं लागली. लेकीच्या धाकटीला थंडीचा स्वेटर नव्हता. मुलगी स्वतः विणते आहे, आणि लोकर उरली म्हणून तसाच दुसरा पुण्याच्या धाकटीसाठी सुरू केला आहे.

राहता राहिलं राष्ट्रपती भवन. त्याची नोंदणी नेटवरून आधी करावी लागते, ते काम मुलाकडे आहे. आमच्या जिल्ह्याचं त्या भवनाशी जुनं नातं. प्रतिभाताई पाटील २००७ ते २०१२ तिथे राहिल्या, त्या अमरावतीच्या सूनबाई. मोझरीच्या तुकडोजी महाराजांची खंजिरीही तिथे घुमली होती. हे सगळं मी लेकीच्या धाकटीला रंगवून सांगत होतो. भवनात ३४० खोल्या आहेत, हेही सांगितलं. ती विचारात पडली. मग म्हणाली, "आबाजी, एवढ्या खोल्या झाडते कोण?"

तिच्या गृहपाठात आता अकरावी ओळ म्हणून तेच लिहिलेलं आहे. तिथे जो कोणी माहिती द्यायला असेल, त्याला ती हिंदीत विचारणार आहे. रोज संध्याकाळी फोनवर माझ्याकडून ते वाक्य घोटून घेते, आणि "झाडते"ला हिंदीत काय म्हणायचं यावर तिचं आणि पुण्याच्या धाकटीचं अजून एकमत झालेलं नाही.